गुप्तता कोणाची आणि कोणापासून?

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाविरुद्ध महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली होती. एका गर्भवती स्त्रीला दाखल करून घेण्यापूर्वी दहा लाख रुपयांची अनामत मागितली गेली, तिला तेथून जावे लागले आणि दुसऱ्या रुग्णालयात जुळ्यांना जन्म दिल्यानंतर तिचा मृत्यू झाला, अशी तिच्या कुटुंबीयांची तक्रार होती. मोर्चे निघाले, काचा फुटल्या, काळे फासले गेले, चौकशी समित्या नेमल्या गेल्या. धर्मादाय म्हणवणाऱ्या रुग्णालयांनी अनामत मागावी काय, या प्रश्नावर पुष्कळ लिहून झाले आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्या गदारोळात जवळजवळ विसरला गेला.

तक्रार होताच रुग्णालयाने स्वतःची अंतर्गत चौकशी समिती नेमली आणि त्या समितीचा अहवाल जाहीर झाला. मृत स्त्रीने पूर्वी कोणते उपचार घेतले होते, तिच्या शरीराविषयी कोणत्या डॉक्टरला काय ठाऊक होते, हा सारा तपशील त्यात होता. बघता बघता तो घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला. तो तपशील मी येथे लिहिणार नाही. राज्य महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी रुग्णाची गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल रुग्णालयावर जाहीर ठपका ठेवला, हे त्यांनी योग्यच केले. परंतु ठपका ठेवून प्रश्न मिटत नाही. तक्रारीच्या निवारणासाठी गोळा केलेली माहिती ही तक्रारदाराविरुद्ध शस्त्र म्हणून वापरता येते, हा धडा त्या आठवड्यात महाराष्ट्रातील प्रत्येक रुग्णाला मिळाला. उद्या एखाद्या स्त्रीला आपल्यावर झालेल्या उपचारांबद्दल तक्रार करावीशी वाटली, तर ती प्रथम स्वतःला विचारील की, माझ्या फायलीत असे काय आहे जे हे लोक वर्तमानपत्राला देतील?

या देशात डॉक्टरांनी गुपित राखावे असा नियम नाही काय? आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेची २००२ ची विनियमावली अद्याप अमलात आहे. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेली नवी विनियमावली तीन आठवड्यांतच स्थगित ठेवावी लागली. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाकडून कळलेले गुपित डॉक्टरने फोडावयाचे नाही. अपवाद मोजके: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग. आपल्या संस्थेची अब्रू वाचविणे हा अपवाद त्यात नाही. शिवाय काही विशिष्ट बाबतींत संसदेने कायदेही केले आहेत. एचआयव्हीबाधितांसाठी व मानसिक रुग्णांसाठी २०१७ चे दोन स्वतंत्र कायदे आहेत, आणि गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत तुरुंगवास देणारे कलम २०२१ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे रोगपरत्वे गुप्ततेचा विचार आपल्याकडे झाला आहे. झालेला नाही तो तक्रारीचा विचार. तक्रार दाखल झाल्यानंतर जी कागदपत्रे, जबाब, खुलासे आणि तज्ज्ञांचे अभिप्राय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, त्यांचे राखणदार कोण, ती कोणाला दाखवावीत, कोणाला दाखवू नयेत, आणि ती फोडणाऱ्यास शिक्षा काय, याविषयी एका जागी स्पष्ट सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही.

आमच्या नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. समजा, तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या एखाद्या माथाडी कामगाराची पत्नी खासगी रुग्णालयात दगावली आणि उपचारांत हयगय झाली असे त्याला वाटते. त्याने पहिल्याने केसपेपरच्या प्रती मागाव्यात. तो त्याचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले की, रुग्णाच्या कागदपत्रांच्या बाबतीत रुग्णालयाला रुग्णापासून किंवा त्याच्या निकटच्या नातेवाइकापासून गुप्ततेचा बहाणा करता येणार नाही. आणि २००२ च्या नियमांनी तर मागणी झाल्यापासून ७२ तासांत प्रती देण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात बिल चुकते केल्याखेरीज कागद मिळणार नाहीत, असे त्याला काउंटरवर सांगितले जाण्याचा संभव किती, हे कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको. कागद मिळाले असे धरू. आता तो महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाईल, कारण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली स्थानिक पर्यवेक्षणाचा अधिकार तेथे आहे आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व तक्रार निवारणाची व्यवस्था बंधनकारक केली आहे. (हे नियम जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्याचे फळ आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा तर महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही.) तेथून तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाईल, पोलिसांकडे जाईल, आणि हिंमत व पैसा उरला तर ग्राहक आयोगाकडे जाईल. पोलीस तज्ज्ञ समितीचा अभिप्राय मागवतील, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर त्याशिवाय डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाई पुढे सरकत नाही. या चारही ठिकाणी त्याच्या मृत पत्नीच्या शरीराचा इतिहास पुन्हा पुन्हा सांगितला जाईल, तिच्या कागदांच्या प्रती निघतील, कारकून त्या वाचतील, आणि तिच्या गुपितांची जबाबदारी यांपैकी कोणाच्याही अंगावर ठामपणे येणार नाही.

आणि शेवटी त्याच्या हाती काय पडेल? परिषदेने तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत करावा असा नियम आहे, वर्षे लोटतात. तज्ज्ञांनी काय लिहिले, कोणत्या कागदाच्या आधारे लिहिले, समितीत कोण होते, हे विचारले की, "बाब गोपनीय आहे" हे ठरीव उत्तर पुढे येते. निर्णय प्रतिकूल गेला तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३० पाहावे. राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील करण्याची वाट त्यात नाराज झालेल्या डॉक्टरला दिली आहे. रुग्णाचा तेथे उल्लेखच नाही. २००२ च्या नियमांत पुढे दुरुस्ती होऊन जो अपिलाचा हक्क रुग्णालाही मिळाला होता, तो नव्या आयोगाच्या कारकिर्दीत डॉक्टरांपुरता राहिला. परिषदेची कचेरी चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर आहे. त्या नावाच्या रस्त्यावर मृतांच्या आप्तांनी असे हात हलवीत परत फिरावे, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा परिस्थिती अशी की, रुग्णाचे गुपित चव्हाट्यावर येते आणि चौकशीचा निष्कर्ष मात्र कुलपात राहतो. गुप्तता दुबळ्याच्या संरक्षणासाठी असावी. ती येथे प्रबळाच्या दारावरचा पहारेकरी झाली आहे.

या पहारेकऱ्याच्या हातात कायद्याच्या तीन काठ्या आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१) घ्या. त्यातील खंड (ह) सांगतो की, ज्यामुळे तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच स्पष्ट केले की, तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागेल. तरीही वर्षानुवर्षे तीच काठी उगारली जाते. खंड (ई) विश्वासाच्या नात्याने मिळालेल्या माहितीचा आहे. रुग्णालयाने आमच्याकडे विश्वासाने कागद दिले, असे अधिकारी म्हणतात. रिझर्व्ह बँकेने हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात केला होता. बँकांच्या तपासणीचे अहवाल आम्ही विश्वासाच्या नात्याने बाळगतो, ते देणार नाही, असे तिचे म्हणणे होते. जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. बँका ही माहिती कायद्याच्या बंधनाने देतात, त्यात विश्वासाचे नाते नाही, आणि रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य जनतेशी आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. बँकेच्या जागी रुग्णालय आणि रिझर्व्ह बँकेच्या जागी महापालिका वा वैद्यक परिषद ठेवून पाहा. तर्काचा एकही दुवा तुटत नाही.

तिसरी काठी सर्वांत जाड आहे. खंड (ञ) हा वैयक्तिक माहितीचा. मूळ कायद्यात त्याला दोन कड्या होत्या. माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगी जीवनावर अकारण आक्रमण होत असावे, तरच ती नाकारता येई. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे सुंदर परंतुक होते. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरदाराच्या शिस्तभंगाच्या कागदांना वैयक्तिक ठरवले, तेव्हापासून या खंडाचा आडोसा घेणे सोपे झाले. त्यावर कळस चढवला तो २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने. त्याच्या कलम ४४(३) ने त्या कड्याही काढल्या आणि परंतुकही पुसले. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आली आहे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की पुरे. व्यापक जनहितासाठी माहिती देता येईल, असे सांगणारे कलम ८(२) शिल्लक आहे खरे, पण ते वापरण्याचे धैर्य कोणत्या तालुक्याच्या वा वॉर्डाच्या माहिती अधिकाऱ्यात आहे? २०१७ च्या निकालाने खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला, त्याचे आपण स्वागत केले. तोच हक्क सत्ताधाऱ्यांनी नागरिकाविरुद्ध फिरवला आहे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला, तो आमच्या पदव्युत्तर वर्गात अनिवार्य असे. त्याचा गाभा साधा आहे. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते, उपचार घेणाऱ्याला उपचार कळत नाहीत. विकणारा आणि घेणारा यांच्या ज्ञानात इतके अंतर आहे की येथे बाजाराचे सामान्य नियम चालत नाहीत, म्हणून विश्वास, परवाना आणि व्यावसायिक नीती यांनी ती उणीव भरून काढावी लागते. पुढे १९७० मध्ये अ‍ॅकरलॉफ यांनी दाखवले की, ज्या बाजारात खऱ्याखोट्याचा फरक गिऱ्हाइकाला कळत नाही तेथे चांगला माल देणाराच हळूहळू हद्दपार होतो. दोघांनाही नोबेल मिळाले. आपल्या देशात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांच्या खिशातून थेट जाते. इतका पैसा ज्या बाजारात ओतला जातो, तेथे गिऱ्हाइकापुढे माहिती कोणती? पाम बीच रस्त्यावरचे जाहिरातींचे फलक. कोणत्या रुग्णालयाविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती खऱ्या ठरल्या, हे दडवले की प्रामाणिकपणे काम करणारा डॉक्टर आणि बिल फुगवणारी कंपनी एकाच तराजूत बसतात. या गुप्ततेने चांगल्या डॉक्टरांचेही नुकसान होते, हे त्यांच्या संघटनांना अजून उमगलेले दिसत नाही.

डॉक्टरांची बाजू विचारात घेतली पाहिजे. ते म्हणतात, खोट्या तक्रारी पुष्कळ येतात, नाव छापून आले की निर्दोष सुटूनही कलंक जात नाही, आणि जमाव रुग्णालयावर चालून येतो. हल्ल्यांची भीती खोटी नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला. परंतु जमाव दगड हाती घेतो तो बहुधा सर्व दारे बंद दिसल्यावर. चौकशीचा निकाल मुदतीत आणि कारणांसह मिळेल असा भरवसा असता, तर अफवेला इतके पीक आले नसते. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. चूक कबूल करावयाची तर निर्भयता हवी, आणि गुप्ततेशिवाय निर्भयता नाही. हे मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये बाळंतपणातील मृत्यूंची गोपनीय चौकशी १९५२ पासून याच तत्त्वावर चालत आली, आणि तिने असंख्य मातांचे प्राण वाचवले. मात्र तेथे नावे गाळून निष्कर्ष नियमितपणे प्रसिद्ध होतात, कोणत्या चुका वारंवार होतात हे साऱ्या देशाला कळते. आपल्याकडे माता मृत्यूंचे अन्वेषण होते, त्या अहवालांचे पुढे काय होते हे गावातल्या परिचारिकेलाही कळत नाही.

गुप्ततेचे रूपांतर मंडळींच्या आपसातील मौनात झाले की काय घडते, हे पाहावयाचे तर त्याच इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रुग्णालयाचा इतिहास वाचावा. तेथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत मृत्यूंचे प्रमाण जास्त असल्याचे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने वर्षानुवर्षे सांगितले. कोणी ऐकले नाही, आणि अखेर त्याला ऑस्ट्रेलियाची वाट धरावी लागली. इयान केनेडी यांच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील तीस ते पस्तीस बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. ते आकडे रुग्णालयात होते. ते मातापित्यांना ठाऊक नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्याच न्यू साउथ वेल्स राज्याने या पेचातून काढलेला मार्ग मला विचार करण्याजोगा वाटतो. सिडनीच्या चेम्सफर्ड या खासगी रुग्णालयात मनोरुग्णांना दिवसचे दिवस औषधाने झोपवून ठेवण्याचा प्रयोग साठ-सत्तरच्या दशकांत चालला आणि वीसहून अधिक रुग्ण मेले. तक्रारी होत राहिल्या, दाद लागली नाही. शाही आयोगाच्या चौकशीनंतर १९९३ मध्ये तेथे आरोग्यसेवेच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या कामात मिळालेली माहिती अधिकाराशिवाय फोडणे हा गुन्हा आहे. तक्रारदाराची, रुग्णाची आणि चौकशी चालू असलेल्या डॉक्टरची माहिती अशा रीतीने राखली जाते. पण आरोप गंभीर असेल तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते, तेथील सुनावणी सामान्यतः खुली असते, आणि निकाल कारणांसह प्रसिद्ध होतो. गोळा करताना बंद, निष्कर्ष निघाल्यावर उघडे. ऑस्ट्रेलिया काही समाजवादी राष्ट्र नव्हे; तेथील व्यवस्थेतही दोष असतील. पण कुलूप कोणत्या दारावर लावावे हे त्यांना कळले आहे.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. रुग्णालयावर मोर्चा नेताना मृताचे केसपेपर फलकावर चिकटविणे, सोनोग्राफीचा अहवाल पत्रकारांच्या हाती देणे, विधवेचे दुःख आणि तिच्या पतीचे व्यसन एकाच श्वासात व्हॉट्सअ‍ॅपवर सांगणे, हे प्रकार आपल्या चळवळीतही होतात. हेतू चांगला असतो. परंतु मंगेशकर रुग्णालयाने जे केले त्याचा निषेध करण्याचा अधिकार अशा वागण्याने आपण गमावतो. कागद रुग्णाचे आहेत. ते रुग्णालयाचे नाहीत आणि पक्षाचेही नाहीत. किती उघड करावे हे रुग्णाने, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या निकटच्या माणसांनी, विचारपूर्वक आणि लेखी सांगावे. मगच आपण ते हाती घ्यावेत.

मागणी काय करावयाची? महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा १९६५ चा कायदा आणि नर्सिंग होमचे नियम या दोहोंत तक्रारीच्या माहितीविषयी स्वतंत्र प्रकरण घालावे. तक्रारीसाठी घेतलेली रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणाऱ्यास, मग तो रुग्णालयाचा जनसंपर्क अधिकारी असो की महापालिकेचा बाबू की मंत्री, दंड आणि कैद असावी. तक्रारदाराला डॉक्टरचा खुलासा आणि तज्ज्ञांचा अभिप्राय यांची प्रत हक्काने मिळावी, कारण ज्या कागदावर आपला दावा फेटाळला तो कागद न वाचता कोणीही अपील करू शकत नाही. दोष सिद्ध झाला तर नाव, दोष आणि शिक्षा जाहीर व्हावी. सिद्ध न झाल्यास डॉक्टरचे नाव राखावे. रुग्णाला अपिलाचा हक्क परत मिळावा, आणि त्यासाठी संसदेत आवाज उठवावा लागेल. कोविडच्या काळात, २१ मे २०२० च्या आदेशाने सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधले आणि बिले तपासण्यास लेखापरीक्षक बसवले. त्या वेळी बिले ही खासगी बाब आहे अशी सबब चालली नाही. म्हणजे इच्छा असली की कायदा वाकतो.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. नव्या दुरुस्तीतील एक फट कार्यकर्त्यांनी नीट पाहावी. २०२३ च्या कायद्यातील वैयक्तिक माहिती म्हणजे माणसाविषयीची, ज्यावरून तो ओळखता येईल अशी माहिती. रुग्णालय चालविणारी कंपनी किंवा न्यास यांना या अर्थाने खासगीपणा नाही. म्हणून नवी मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दहा रुपयांचा अर्ज करून विचारावे की, २०२१ चे नियम आल्यापासून प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, सरासरी किती दिवस लागले, किती ठिकाणी नोटीस दिली आणि किती नोंदण्या रद्द झाल्या. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथील महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयांविषयीही तेच विचारावे. सरकारी म्हणून सूट नको. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. नाकारले तर पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे आणि दुसरे राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. अर्जात कोणत्याही रुग्णाचे नाव लिहू नये आणि विचारूही नये. अर्जाची पोच घ्यावी आणि एक प्रत पक्षाच्या कार्यालयात जमा करावी.